क्रेडिटकाका

आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला की पहिले काही दिवस तो क्रेडिटकाकांना चुकवून जातो. नाव ऐकून त्याला वाटतं, हे कुठल्यातरी पतसंस्थेचे वसुली अधिकारी असणार. त्यातून काकांची बोलायला सुरुवात करायची पद्धतही तशीच. मागे एका तरुणाला त्यांनी लिफ्टमध्ये गाठून विचारलं, "तुमचे एकूण क्रेडिट किती?" तो बिचारा चौथ्या मजल्यावर राहणारा, दुसऱ्याच मजल्यावर उतरला आणि उतरता उतरता म्हणाला, "एक तारखेला दोन्ही हप्ते एकदम भरतो."

काकांना पैशाअडक्यात काडीचा रस नाही. त्यांचा सगळा जीव पदव्यांत. तोही पदवी मिळवण्यात नव्हे, तर एका देशाची पदवी दुसऱ्या देशात कुठे बसते ते बघण्यात. कुणी आई कौतुकाने म्हणाली, "आमचा टीवायला आहे," की काका क्षणभर डोळे मिटतात आणि म्हणतात, "म्हणजे सुटला तर साडेपाच." त्या माउलीला वाटतं, हे मुलाची उंची विचारतायत. मग काका समजावतात. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात दहावी म्हणजे स्तर ३, बारावी ४, एफवाय साडेचार, एसवाय ५, टीवाय साडेपाच. चौथं वर्ष केलं तर ६, एम.ए., एम.एस्सी. ७ आणि पीएचडी ८. सोसायटीतल्या प्रत्येक फ्लॅटची त्यांनी मनातल्या मनात अशी नोंद करून ठेवलेली आहे. सी विंगमधले प्राध्यापक ८ आहेत म्हणून काका त्यांना वाकून नमस्कार करतात; पार्किंगच्या भांडणात मात्र ते ३ वर येतात, असंही खासगीत सांगतात.

काका एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झाले. कुठल्या, ते सांगत नाही. नोकरीतला बहुतेक काळ त्यांनी ट्रान्सक्रिप्टच्या खिडकीमागे काढला. परदेशी निघालेल्या मुलांच्या गुणपत्रिका मूळ प्रतींशी ताडायच्या, पानापानावर गोल शिक्का उठवायचा, पाकिटात घालून पाकिटाच्या जोडावर पुन्हा सही नि शिक्का, आणि मग ते पाकीट मुलाच्याच हातात देऊन ताकीद द्यायची, की उघडायचं नाही. ही पाकिटं जगभर जायची. तिकडचे लोक ती उघडून काय समजत असतील, याची खिडकीमागच्या कुणालाच फिकीर नव्हती. एकदा युरोपातून चौकशीचं पत्र आलं. गुणपत्रिकेवर वारंवार दिसणारा 'एटीकेटी' हा विषय नेमका कुठल्या ज्ञानशाखेतला, आणि तुमचे इतके विद्यार्थी तो का घेतात? काकांनी खुलासा पाठवला. त्यावर पुन्हा पत्र आलं, की विषयात नापास झालेला विद्यार्थी पुढच्या वर्गात कसा बसतो? हा प्रश्न काकांच्या मते युरोपीय संस्कृतीच्या उथळपणाचा पुरावा होता.

पण निवृत्तीच्या थोडं आधी विद्यापीठाने त्यांना दिल्लीला एका कार्यशाळेला धाडलं. जायला दुसरं कुणी तयार नव्हतं एवढीच त्यांची पात्रता. तिथे युरोपातल्या तज्ज्ञांनी पडद्यावर रंगीत शिड्या दाखवल्या. तिकडे गेलेले काका आणि परत आलेले काका यांच्यात, त्यांच्याच शब्दांत, 'लक्षणीय फरक' होता.

तेव्हापासून १९ जूनला काका घरी श्रीखंड आणतात. वॉचमनची समजूत अशी की साहेब जुने शिवसैनिक असणार, कारण त्या दिवशी पक्षाचा वर्धापनदिन असतो. काकांचा वर्धापनदिन वेगळा. १९ जून १९९९ ला इटलीतल्या बोलोन्या शहरात २९ देशांच्या मंत्र्यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आदल्या वर्षी पॅरिसला सोर्बोनमध्ये फ्रान्स, जर्मनी, इटली आणि ब्रिटन या चौघांनी त्याची सुपारी फोडली होतीच. तोवर युरोपात कोण कुणाच्या बरोबरीचं याचा पत्ता नव्हता. जर्मनांची 'डिप्लोम' नावाची एकसलग लांबलचक पदवी, इंग्रजांचं तीन वर्षांत आटोपणारं बी.ए., इटलीची लाउरेआ. इटलीत तर पदवीधराला सरळ 'दोत्तोरे' म्हणून हाक मारतात. काकांनी हे कट्ट्यावर सांगितलं तेव्हा बी विंगमधल्या एका बी.कॉम. गृहस्थांच्या चेहऱ्यावर चुकीच्या देशात जन्म घेतल्याचं दुःख स्पष्ट दिसलं.

"करार नाही, कायदा नाही, दंड नाही," काका हे सांगताना उभे राहतात. "नुसता शब्द दिला. आधी दोन टप्पे ठरवले, पदवी आणि पदव्युत्तर; डॉक्टरेटचा तिसरा नंतर जोडला. आज तो कळप ४९ चा आहे. रशिया आणि बेलारूसला २०२२ मध्ये बाहेर बसवलं, ती गोष्ट वेगळी. पण बाकीचे एकमेकांच्या पदव्या वाचू शकतात!"

आमच्या तळमजल्यावर एक वकील राहतात. ते काकांचं बोलणं नेहमी शेवटपर्यंत ऐकून घेतात आणि मग एकच प्रश्न विचारतात. परवा त्यांनी विचारलं, "म्हणजे पीएचडी सगळीकडे आठच ना?"

काका खाली बसले. हा त्यांचा दुखरा भाग. घरात त्यांच्याकडे जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पुरवण्यांचा एक गठ्ठा आहे (कसा आला ते विचारू नये). त्यातली एक घेऊन त्यांनी शिड्या काढल्या. इंग्लंडच्या शिडीला आठ पायऱ्या, पीएचडी आठवर. आयर्लंडची २००३ ची शिडी दहा पायऱ्यांची, पीएचडी दहावर. ऑस्ट्रेलियाचीही दहाची. स्कॉटलंडची बाराची, पीएचडी बारावर.

वकील म्हणाले, "म्हणजे लंडनला आठवर असलेला माणूस रेल्वेत बसला की चार-साडेचार तासांत एडिंबरोला बारावर उतरतो? भाडं तेवढंच?"

"तसं नाही," काका कळवळून म्हणाले. "पायऱ्या वेगळ्या, उंची एक. म्हणून तर युरोपने २००८ मध्ये या सगळ्यांच्या वर आणखी एक आठ पायऱ्यांची शिडी उभी केली. प्रत्येकाने आपली पायरी तिच्याशी जोडून दाखवायची. आयर्लंडचा दहा तिथे आठ, स्कॉटलंडचा बारा तिथे आठ."

"आणि ते बोलोन्यावाले तीन टप्पे?"

"ती निराळी शिडी. २००५ ला बर्गनमध्ये ठरलेली. तिचे टप्पे या आठातल्या सहा, सात आणि आठशी जुळतात."

"म्हणजे शिड्या जुळवायला शिडी आणली, आणि त्याआधीच आणखी एक शिडी उभी होती."

काकांनी पुरवणीची घडी घातली. ही अशी माणसं कार्यशाळेला न्यायला हवीत, एवढंच ते पुटपुटले.

क्रेडिटचा विषय निघाला तर जेवणवेळ टळते. विद्यार्थ्याचं एक वर्ष, तोच अभ्यास, तीच झोप. पण ब्रिटनमध्ये त्याचे क्रेडिट १२०, युरोपात ६०, भारतात ४० आणि अमेरिकेत ३०. काकांना हे आकडे परकीय चलनाच्या दरासारखे पाठ आहेत, आणि दर सहसा हलत नाहीत याचा त्यांना अभिमान आहे. भारताने वर्षाचे १२०० तास धरले, म्हणजे तीस तासांना एक क्रेडिट. युरोप वर्षाचे १५०० ते १८०० तास धरतो आणि त्यांचे साठ भाग करतो, म्हणजे पंचवीस ते तीस तासांना एक. "तेव्हा आपला मुलगा त्यांच्या मुलापेक्षा वर्षाला किमान ३०० तास कमी अभ्यास करतो," असं एकदा काकांनी पालकसभेत सांगितलं. पालक खवळले. कमी अभ्यास? मग क्लासचे तास कोण मोजणार? त्या प्रश्नाला कुठल्याच आराखड्यात उत्तर नाही, हे काकांनी प्रामाणिकपणे मान्य केलं. महाराष्ट्राच्या मुलाचं निम्मं शिक्षण जिथे होतं, ती जागा कुठल्याही शिडीवर नाही हे माझंही मत आहे. पण ते असो.

नव्या आराखड्यात शाळा-कॉलेजाबाहेर मिळवलेल्या कौशल्यालाही क्रेडिट देण्याची सोय आहे, आणि काकांचं यावर फार प्रेम. किती वर्षं बाकावर बसलात ते विचारू नका, काय करता येतं ते विचारा, हा त्यांचा आवडता सिद्धांत. त्या भरात एका रविवारी त्यांनी काकूंचं मूल्यमापन केलं. रोजचे चार तास स्वयंपाकाचे, म्हणजे वर्षाला १४६० तास. भारतीय हिशोबाने दरसाल ४० क्रेडिट पुरे होऊन वर २६० तास उरतात. "अगं, तू केव्हाच मास्टर्स झालीस!" काका आनंदाने ओरडले.

काकू कणीक मळत होत्या. "मग पोळ्यांना बाई लावा. मास्टर्स झालेल्या बाईने कशाला लाटायच्या?"

"हे बघ, मुद्दा असा की तास महत्त्वाचे नाहीत, अखेरीस काय करता येतं..."

"अहो, तुम्ही या घरात लग्नापासून रोज दोनदा चहा घेताय. काय करता येतं?"

काका गॅलरीत गेले. काही विद्यार्थ्यांची फलनिष्पत्ती उशिरा दिसते, असं त्यांनी मला तिथून सांगितलं.

मुलांना परदेशी प्रवेशाचे वेध लागले की काकांकडे रांग लागते. सल्ल्याचे ते पैसे घेत नाहीत. फक्त ऐकणाऱ्याला उठू देत नाहीत. जर्मनीला निघालेली एक मुलगी वडिलांना घेऊन आली. तिला साठ टक्के. वडिलांनी आल्या आल्या 'फर्स्ट क्लास' हा शब्द तीनदा उच्चारला. काकांनी चष्मा पुसला. भारतीय विद्यार्थ्यांची कागदपत्रं नोव्हेंबर २०२२ पासून आधी एपीएस नावाच्या खिडकीतून तपासून घ्यावी लागतात, मगच व्हिसाचं बघायचं, हे सांगून झालं. जर्मनांकडे अनाबिन नावाची एक वही आहे, तिच्यात जगभरच्या विद्यापीठांना शेरे मारलेले असतात, आणि आपल्या विद्यापीठाला त्यात चांगला शेरा आहे, हे त्यांनी स्वतःचा नातू पास झाल्याच्या सुरात सांगितलं. मग सुधारित बव्हेरियन सूत्र आलं. शंभरातून तुमचे साठ वजा करा, चाळीस. शंभरातून पासिंगचे चाळीस वजा करा, साठ. चाळीसला साठने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा.

"तीन," मुलगी म्हणाली.

"दहापैकी?" वडिलांनी विचारलं.

"जर्मनीत एक सर्वांत वर. चारला पास."

वडील बराच वेळ गप्प होते. "आमच्या वेळी," ते शेवटी म्हणाले, "साठ टक्के पडले की गल्लीत पेढे वाटायचे." काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पेढ्यांचं सूत्र बव्हेरियात चालत नाही, हे सांगायचा त्यांना धीर झाला नाही. मुलगी मात्र शांत होती. तिने ते सूत्र घरून निघतानाच फोनवर करून पाहिलं होतं.

काकांचं खरं दैवत बोलोन्या नव्हे, लिस्बन. ११ एप्रिल १९९७ चा लिस्बन कराराबद्दल ते हात जोडल्यासारखे बोलतात. तो म्हणतो, परदेशातून आलेली पदवी मान्य करायची नसेल तर मोठा, लक्षणीय फरक आहे हे नाकारणाऱ्या अधिकाऱ्याने दाखवून द्यायचं. अर्जदाराने दारोदार पुरावे घेऊन फिरायचं नाही. थोडाफार फरक असणारच; त्यासाठी माणूस अडवायचा नाही. युनेस्कोने २०१९ मध्ये अख्ख्या जगासाठी असाच करार केला आणि २०२३ मध्ये तो लागूही झाला. "केवढं मोठं मन!" काका म्हणतात.

हे ऐकताना माझ्या शेजारी त्यांच्याच विभागातला एक निवृत्त कारकून बसला होता. तो हसू दाबत होता. त्याने सांगितलेली हकीकत अशी. घाटाखालच्या विद्यापीठातून एक मुलगा दुसरं वर्ष पास होऊन इकडे आला. मायग्रेशन सर्टिफिकेट होतं, गुणपत्रिका होत्या, एलिजिबिलिटीचा फॉर्म भरलेला होता. काकांनी सिलॅबस मागवला. पर्यावरणाचा पेपर तिकडे ५० गुणांचा, इकडे १०० चा. सह्याद्री दोन्ही बाजूंनी तोच, पण गुण जुळेनात. मुलाला पेपर पुन्हा द्यावा लागला, आणि त्या नादात त्याचं वर्ष गेलं.

वकिलांनी अर्थातच विचारलं, "मग लिस्बन?"

"लिस्बन परदेशासाठी आहे," काका ठामपणे म्हणाले. "तो मुलगा आपलाच होता."

पुढे त्यांनी आणखी खुलासा केला. परक्या माणसाचा कागद विश्वासाने घ्यावा लागतो, कारण तो तपासायची सोय नसते. आपल्या माणसाचे कारनामे आपल्याला माहीत असतात. यावर वकीलही काही बोलले नाहीत. त्यांची वेगळीच ठसठस होती: भारत आणि ब्रिटनने जुलै २०२२ मध्ये एकमेकांच्या पदव्या मान्य केल्या, तिथल्या एका वर्षाच्या मास्टर्सलाही आपण हो म्हणालो, पण डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि वकील त्यातून वगळले. "म्हणजे ज्यांच्या पदवीवर कुणाचा तरी जीव, घर किंवा खटला अवलंबून असतो, ते सोडून बाकी सगळे समान," असं वकिलांनी मागे एकदा म्हटलं होतं. काकांनी तो शेरा मनाला लावून घेतला आहे.

या सगळ्याची परीक्षा झाली ती काकांच्या मुलीच्या लग्नात. मुलीने स्वतःच जमवलं होतं. मुलगा मूळ नाशिकचा, लहानपणापासून डब्लिनला. बँकेत नोकरी. स्थळ उत्तम, पण काकांच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, रीतसर माहिती हवी होती. मुलाकडून आलेल्या कागदावर लिहिलं होतं: बी.ए. (ऑनर्स), लेव्हल ८. आयर्लंडमध्ये नोकरीच्या जाहिरातीतही 'लेव्हल ८ पदवी हवी' असं छापतात, तेव्हा त्यांच्या दृष्टीने यात वावगं काही नव्हतं.

अक्कांनी चष्मा वर केला. "अरे, मुलगा आठवी पास आहे."

"अक्का, आठवी नाही, आठवा स्तर."

"मग पीएचडी म्हण की. तूच म्हणतोस ना आठ म्हणजे पीएचडी?"

"ते आपल्याकडे. आयर्लंडला पीएचडी दहा. त्यांचा आठ म्हणजे युरोपचा सहा."

"आठाचे सहा झाले?"

"आणि आपल्याकडे तीन वर्षांच्या पदवीला साडेपाच."

"आणखी खाली आला!" अक्का म्हणाल्या. "अजून कुठल्या देशाचं सांगू नकोस. उरेल तो दहावीचा तरी राहू दे."

काकांनी ऑस्ट्रेलिया काढला, जिथे साधी पदवीच सातवर बसते. पण अक्कांनी हात वर करून थांबवलं आणि पिशवीतून पंचांग काढलं. "हे बघ. वर्णाचा १, वश्याचे २, तारेचे ३, योनीचे ४, ग्रहमैत्रीचे ५, गणाचे ६, भकुटाचे ७, नाडीचे ८. एकूण ३६, पासिंग १८. मुलगा डब्लिनचा असू दे नाही तर एडिंबरोचा, नाडीला आठच. तुमच्या ४९ देशांना हे जमलं का?"

काकांना उत्तर सुचलं नाही. पत्रिका पाहिली, अठ्ठावीस गुण जुळले. अक्कांनी होकार दिला. मुलीने या दोघांच्याही निकालाची वाट पाहिली नव्हती, हॉल आधीच बुक केला होता.

लग्नपत्रिका छापायची वेळ आली तेव्हा काकांनी एकच हट्ट धरला. वराच्या नावाखाली त्याची पदवी तिन्ही चौकटींत यायला हवी. आयर्लंड ८, युरोप ६, भारत ५.५. जगातली ही पहिलीच पूर्णपणे सुसंगत पत्रिका ठरेल असं त्यांचं म्हणणं. प्रूफ त्यांनी स्वतः तपासलं. पण कार्डावर गणपती, कुलदैवत, दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चार बालकं एवढी दाटी झाली, की शेवटच्या क्षणी प्रेसवाल्याने अक्षरं गाळली आणि वराच्या नावाखाली नुसतं छापलं: (८/६, ५.५).

पत्रिका नोव्हेंबरात वाटल्या गेल्या, लग्न डिसेंबरातलं. चार दिवसांत फोन सुरू झाले. साताऱ्याचे मामा पहिले. "साखरपुडा ८ जूनला साडेपाच वाजता उरकलात, आणि आम्हाला कळवावंसंही वाटलं नाही?" त्यांच्यामागून सोलापूरची मावशी, मग इचलकरंजीचे चुलते. सख्ख्या मावशीने आहेराची साडी परत दुकानात दिल्याची बातमी आली.

काकांनी डगमगून न जाता आयुष्यभर जे केलं तेच केलं. शुद्धिपत्रक काढलं. वर जावक क्रमांक, दिनांक, विषय, संदर्भ. "उपरोक्त पत्रिकेत वराच्या नावाखाली नमूद ८, ६ व ५.५ हे आकडे दिनांक अथवा वेळ नसून शैक्षणिक स्तर समजावेत. सबब, दिनांक ८ जून रोजी कोणताही समारंभ झालेला नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी." खाली सही, गोल शिक्का. प्रत माहितीसाठी: अक्का.

दोघातिघांनी याचा अर्थ लग्न मोडलं असा घेतला आणि सांत्वनाला येऊन गेले. साताऱ्याच्या मामांनी मात्र शुद्धिपत्रक बारकाईने वाचलं आणि लेखी उत्तर पाठवलं. साखरपुड्याविषयी त्यांची तक्रार राहिली नव्हती. पण वर आठवरून सहावर आणि सहावरून साडेपाचवर का घसरला, त्याने सुधारणा परीक्षेचा फॉर्म भरला आहे का, आणि निकाल लग्नाआधी लागेल का, एवढं कळवावं. काका दुसरं शुद्धिपत्रक लिहायला बसले, तेव्हा काकूंनी शिक्का उचलून डाळीच्या डब्यात टाकला.